०.१ मायक्रोग्रॅम: माशांतील पाऱ्याची सुरक्षित मर्यादा कशी ठरली?

अमेरिकेत गरोदर स्त्रियांसाठी काढल्या जाणाऱ्या आहारपत्रकांत माशांचा एक तक्ता असतो. एफडीए, अर्थात तेथील अन्न व औषध प्रशासन, आणि ईपीए, अर्थात पर्यावरण संरक्षण संस्था, या दोघांनी तो मिळून तयार केला आहे. सार्डिन, सामन, कोळंबी ही नावे उत्तम पर्यायांच्या रकान्यात येतात; शार्क, स्वोर्डफिश, मार्लिन, किंग मॅकरेल ही टाळण्याच्या रकान्यात. कोकणातून किंवा गोव्यातून येऊन स्थायिक झालेल्या घरात हा तक्ता वाचला गेला की दोन नावांपाशी वाचन अडखळते. शार्क म्हणजे मोरी. आणि किंग मॅकरेल म्हणजे किंगफिश, म्हणजे आपली सुरमई तर नव्हे?

या तक्त्याच्या मुळाशी एक आकडा आहे: शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.१ मायक्रोग्रॅम मिथाइल पारा. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. साठ किलो वजनाच्या स्त्रीसाठी हा हिशेब दिवसाला ६ आणि आठवड्याला ४२ मायक्रोग्रॅम असा होतो. ईपीए त्याला संदर्भ मात्रा म्हणते; आयुष्यभर रोज एवढे पोटात गेले तरी संवेदनशील व्यक्तींनाही लक्षणीय अपाय होण्याचा संभव नाही, असा त्याचा अर्थ. हा आकडा पाण्याच्या उत्कलनबिंदूसारखा निसर्गात मोजून मिळालेला नाही. जपान, इराक, फेरो बेटे आणि सेशेल्स येथील माणसांच्या रक्तावरून, केसांवरून आणि मुलांच्या परीक्षांवरून तो काढला गेला, आणि त्यातील प्रत्येक पायरीवर कोणाला तरी निवड करावी लागली. ती निवड वेगळी केल्यामुळे जवळपास त्याच पुराव्यावरून इतर संस्थांनी वेगळे आकडे काढले आहेत.

पारा माशात कसा येतो?

तापमापकातील चकाकणारा पारा आणि माशातील पारा यांत मोठा फरक आहे. कोळसा जाळणे, लहान प्रमाणावरील सोन्याच्या खाणी, ज्वालामुखी यांतून पारा हवेत जातो आणि पावसाबरोबर पाण्यात उतरतो. तळाच्या गाळातील जिवाणू त्याला मिथाइल गट जोडतात. हा मिथाइल पारा सूक्ष्म वनस्पतींत शिरतो, त्यांच्यावर जगणाऱ्या लहान माशांत साठतो, लहान मासे खाणाऱ्या मोठ्या माशांत आणखी साठतो. मोठ्या शिकारी माशाच्या अंगात त्याचे प्रमाण भोवतालच्या पाण्याच्या दहा लाख पटींहूनही अधिक होऊ शकते. तो चरबीत नव्हे, तर मांसातील प्रथिनांना चिकटून असतो. म्हणून तुकड्यांना हळद-मीठ लावून ठेवा, आगळात मुरवा, तळा किंवा कालवण करा. तो जात नाही.

गिळलेल्या मिथाइल पाऱ्यापैकी सुमारे ९५ टक्के भाग आतड्यातून रक्तात जातो. तेथून तो मेंदूत पोचतो आणि वार ओलांडून गर्भातही पोचतो. शरीरातील साठा निम्मा होण्यास सुमारे ५० दिवस लागतात. मर्यादेचा पुढचा सगळा हिशेब या तीन गोष्टींवर उभा आहे.

नेहमीची रीत आणि तिची अडचण

रसायनाची सुरक्षित मर्यादा ठरवण्याची रूढ रीत १९५४ साली एफडीएच्या लेमन आणि फिट्झह्यू या शास्त्रज्ञांनी मांडली. उंदीर किंवा कुत्रा अशा प्राण्यांना वेगवेगळ्या मात्रा द्यायच्या, अपाय न दिसलेली सर्वांत मोठी मात्रा शोधायची आणि तिला १०० ने भागायचे. या शंभराची फोड पुढे अशी केली जाऊ लागली: माणूस प्राण्यापेक्षा दहापट नाजूक असू शकतो म्हणून दहा, आणि एक माणूस दुसऱ्यापेक्षा दहापट नाजूक असू शकतो म्हणून आणखी दहा. या आकड्यांमागे सूक्ष्म गणित नव्हते, सावधगिरी होती. तरीही अन्नातील रंग, परिरक्षके आणि कीटकनाशके यांच्या मर्यादांसाठी ही रीत जगभर रूढ झाली.

पाऱ्याच्या बाबतीत ती तशीच वापरण्याची वेळ आली नाही. प्राण्यांवरून अंदाज बांधण्याची गरज उरली नव्हती, कारण प्रयोग माणसांवरच होऊन गेला होता. तो कोणी ठरवून केला नव्हता, एवढेच.

मिनामाता

जपानच्या क्यूशू बेटावरील मिनामाता या गावात चिस्सो कंपनीचा रसायनांचा कारखाना होता. तेथे १९३२ पासून पाऱ्याचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरून अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवले जाई. या प्रक्रियेतच थोडा मिथाइल पारा तयार होई आणि सांडपाण्याबरोबर समुद्रात जाई. पन्नाशीच्या दशकात गावातील मांजरी झिंगल्यासारख्या नाचू लागल्या आणि मरू लागल्या. मग मासेमार कुटुंबांतील माणसांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, बोलणे अडखळू लागले, नजर कडेने आक्रसत गेली. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी स्थानिक आरोग्य कचेरीला या अज्ञात मेंदूविकाराची वर्दी दिली. तोच या रोगाचा अधिकृत शोधदिन मानला जातो.

कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५९ साली सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले. त्याच वर्षी होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी घातलेले अन्न एका मांजराला खाऊ घातले. प्रयोगाच्या नोंदीत त्याचा क्रमांक ४०० होता. मांजराला तोच रोग झाला. कंपनीने हा निष्कर्ष बाहेर येऊ दिला नाही. होसोकावा यांनी तो १९७० साली, मृत्युशय्येवरून दिलेल्या साक्षीत सांगितला. दरम्यान १९६५ मध्ये निइगाता प्रांतात आगानो नदीकाठी दुसऱ्या एका कारखान्यामुळे हाच रोग पुन्हा उद्भवला. मिनामाताच्या कारखान्यातील ती प्रक्रिया १९६८ मध्ये थांबली आणि सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केले तेही त्याच वर्षी. बारा वर्षे गेली होती. मर्यादा ठरवण्यास विलंब का होतो, असे विचारणाऱ्याने शास्त्राआधी हा कालक्रम पाहावा.

मर्यादेच्या दृष्टीने मिनामाताने शिकवलेली सर्वांत मोठी गोष्ट मात्र प्रौढांविषयीची नव्हती. वार गर्भाचे विषापासून रक्षण करते, अशी त्या काळची वैद्यकीय समजूत होती. मिनामातात अशी बालके जन्मली की त्यांना बसता येईना, गिळता येईना. आणि त्यांच्या आया मात्र जवळजवळ निरोगी होत्या. आईच्या अंगातील विष बाळाने ओढून घेतले होते. १९६२ साली या मुलांचा विकार जन्मजात मिनामाता रोग म्हणून मान्य झाला. जपानमध्ये बाळाच्या नाळेचा सुकलेला तुकडा छोट्या डबीत जपून ठेवण्याची रीत आहे. आपल्याकडे नाळ पुरतात. तेथे ती घरात राहते. या डब्यांतील नाळा पुढे तपासल्या गेल्या आणि कोणत्या वर्षी जन्मलेल्या बाळाच्या वाट्याला किती पारा आला, याची नोंद त्यांतून वाचता आली.

पहिली मर्यादा तरीही प्रौढांच्याच आधारे ठरली. निइगातातील रुग्णांपैकी सर्वांत कमी पाऱ्यावर आजारी पडलेल्यांच्या रक्तात दर लिटरला सुमारे २०० मायक्रोग्रॅम पारा होता, असे स्वीडनच्या तज्ज्ञगटाने १९७१ मध्ये धरले आणि त्याला दहाने भागले. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९७२ साली दर किलो वजनामागे आठवड्याला ३.३ मायक्रोग्रॅम मिथाइल पारा सहनीय मानला. गर्भाचा वेगळा विचार त्या आकड्यात नव्हता.

इराकचा गहू

गर्भावरील परिणामाला आकडा मिळाला तो आणखी एका अनर्थातून. दुष्काळानंतर इराकने सुमारे ९५ हजार टन बियाण्याचा गहू आणि जव मागवला. बुरशी लागू नये म्हणून त्याला मिथाइल पाऱ्याचे औषध चोळलेले होते आणि धोका ओळखू यावा म्हणून गुलाबी रंग दिलेला होता. गोण्यांवरील सूचना इराकी शेतकऱ्याला न वाचता येणाऱ्या भाषांत होत्या. १९७१ च्या शरद ऋतूत माल गावोगाव पोचेपर्यंत अनेक ठिकाणी पेरणी उरकली होती. घरात धान्य आहे आणि खायला काही नाही, अशा स्थितीत लोकांनी गहू धुतला. रंग निघून गेला, औषध राहिले. काहींनी आधी कोंबड्यांना घालून पाहिले. त्यांना लगेच काही झाले नाही. या विषाची लक्षणे दिसायला आठवडे, कधी महिने लागतात, हे कोणाला ठाऊक असणार? गहू दळून भाकऱ्या झाल्या. रुग्णालयांत ६,५३० माणसे दाखल झाली आणि त्यांतील ४५९ दगावली, अशी अधिकृत नोंद आहे. खरा आकडा याहून बराच मोठा असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाचे शास्त्रज्ञ इराकी डॉक्टरांबरोबर काम करू लागले, तेव्हा त्यांना स्त्रियांच्या लांब केसांत एक रोजनिशी सापडली. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि वाढताना त्या महिन्याच्या रक्तातील पारा आपल्यात बंद करतो. केसाचे सेंटिमीटर-सेंटिमीटर तुकडे करून मोजले की गरोदरपणाच्या कोणत्या महिन्यात पारा किती होता, ते कळते. अशा ८१ माता-बालकांच्या जोड्यांवरून मूल चालायला आणि बोलायला कधी लागले, याचा मेळ पाऱ्याशी घालण्यात आला. ईपीएने १९९५ मध्ये याच माहितीवरून ०.१ हा आकडा प्रथम जाहीर केला. त्याआधीचा तिचा आकडा ०.३ होता आणि तो प्रौढांच्या हातापायांतील मुंग्यांवर आधारलेला होता.

या पायाला तडे होते, हे मान्य केले पाहिजे. जन्मतारखा लिहून ठेवण्याची पद्धत नसलेल्या समाजात मूल केव्हा चालू लागले हे आईच्या आठवणीवर अवलंबून होते. शिवाय इराकी कुटुंबांनी काही महिने भरमसाट पारा खाल्ला होता. मासे खाणारी बाई आयुष्यभर थोडा थोडा खाते. एकाचा हिशेब दुसऱ्याला लावावा का?

दोन बेटे, दोन उत्तरे

हा प्रश्न सोडवण्यासाठी मासे हाच रोजचा आहार असलेल्या माणसांचा अभ्यास हवा होता. असे दोन मोठे अभ्यास जवळपास एकाच काळात सुरू झाले आणि त्यांनी परस्परविरुद्ध उत्तरे दिली.

उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांच्या नाळेतील रक्त फिलिप ग्रांजाँ आणि पाल वाइहे यांच्या गटाने तपासले. तेथे पाऱ्याचा मुख्य स्रोत मासे नव्हते. अधूनमधून खाल्ले जाणारे पायलट देवमाशाचे मांस होते. ही मुले सात वर्षांची झाल्यावर त्यांची भाषा, अवधान आणि स्मरण यांच्या चाचण्या घेतल्या. नाळेतील पारा जितका अधिक, तितके गुण कमी, असा कल स्पष्ट दिसला. पारा दुप्पट झाल्यास विकासात एक-दोन महिन्यांची पिछाडी, एवढ्या मापाचा हा फरक होता. एखाद्या मुलाकडे पाहून तो कधीच कळला नसता. हजार मुलांत तो कळला.

हिंदी महासागरातील सेशेल्समध्ये रॉचेस्टरच्या गटाने १९८९-९० पासून सुमारे ७८० माता-बालकांचा माग ठेवला. तेथील आया आठवड्याला बारा वेळा मासे खात. त्यांच्या केसांतील पारा अमेरिकी स्त्रियांच्या कितीतरी पट होता. मुलांमध्ये अपाय मात्र आढळला नाही.

कोणावर विश्वास ठेवायचा? सेशेल्सची बाजू घेणारे म्हणत की देवमाशाच्या मांसात पीसीबीसारखी इतर विषेही असतात, आणि फेरोतला परिणाम त्यांचा असेल. फेरोची बाजू घेणारे म्हणत की रोज मासे खाणाऱ्या सेशेल्समधील मुलांना माशांतील ओमेगा-३ मेदाम्लांचा लाभ मिळतो आणि तो पाऱ्याचा अपाय झाकतो. अमेरिकी संसदेच्या सूचनेवरून राष्ट्रीय संशोधन परिषदेने हा वाद तपासला आणि २००० साली अहवाल दिला. पीसीबीचा परिणाम वेगळा काढल्यावरही फेरोतील पाऱ्याचा परिणाम उरतो, आणि न्यूझीलंडमधील लहानसा तिसरा अभ्यासही त्याच दिशेला जातो, असे तिचे म्हणणे पडले. परिषदेने फेरो निवडले. अपाय दिसलेला आणि न दिसलेला, असे दोन चांगले अभ्यास समोर असताना गर्भाच्या प्रश्नात पहिल्यावर विसंबणे योग्यच होते; पण ही निवड होती, शोध नव्हे, हे विसरता येत नाही.

हिशेब

यानंतरची आकडेमोड पूर्ण देण्यासारखी आहे, कारण सुरक्षित मर्यादा या शब्दांत काय दडलेले असते, ते तिच्यातच दिसते.

फेरोतील अनेक चाचण्यांपैकी परिषदेने एक निवडली: मुलाला रेखाचित्रे दाखवायची आणि त्याने वस्तूंची नावे सांगायची. पाऱ्याचा संसर्ग नसतानाही काही मुलांना कमी गुण मिळणारच. तळाची ५ टक्के मुले ती, असे धरले. मग विचारले, नाळेच्या रक्तात किती पारा असला म्हणजे हे प्रमाण ५ वरून १० टक्के होईल? उत्तर आले, लिटरला ८५ मायक्रोग्रॅम. माहितीतील अनिश्चितता धरून त्याची खालची सीमा घेतली: ५८. पाच टक्के मुलांची भर हा टप्पा कोणत्याही समीकरणातून निघत नाही. तो माणसांनी ठरवला आहे.

पुढचा प्रश्न: रक्तात ५८ राहण्यासाठी आईने रोज किती खाल्ले असले पाहिजे? शरीर म्हणजे एक हौद मानायचा. आत येणारा पारा आणि बाहेर जाणारा पारा समान झाला की पातळी स्थिर राहते. रोज साठ्याचा ०.०१४ इतका भाग बाहेर पडतो, रक्त ५ लिटर, पचनातून शोषण ०.९५, शोषलेल्यापैकी रक्तात राहणारा भाग ०.०५९ आणि वजन ६७ किलो. ५८ ला ०.०१४ ने आणि ५ ने गुणले की ४.०६ येतात, ०.९५, ०.०५९ आणि ६७ यांचा गुणाकार ३.७६ होतो. भागाकार सुमारे १.०८. म्हणजे दर किलो वजनामागे दिवसाला १.०८ मायक्रोग्रॅम खाणाऱ्या आईच्या रक्तात ५८ ची पातळी राहील.

याला ईपीएने दहाने भागले आणि २००१ साली ०.१ हा आकडा नव्या पायावर पुन्हा जाहीर केला. या दहामध्ये दोन भाग आहेत. एकीचे शरीर पारा लवकर टाकते, दुसरीचे उशिरा, म्हणून ३. एका बाळाचा मेंदू दुसऱ्यापेक्षा नाजूक, म्हणून ३. तीन त्रिक नऊ होतात हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण येथील ३ म्हणजे दहाचे अर्धे पाऊल, अर्थात दहाचे वर्गमूळ, आणि म्हणून त्यांचा गुणाकार १० धरला जातो.

हिशेबात एक गृहीतक असे होते की नाळेच्या रक्तातील आणि आईच्या रक्तातील पारा सारखाच असतो. नंतरच्या अभ्यासांत नाळेतील प्रमाण आईच्या सरासरी १.७ पट आढळले. आईच्या रक्तातील ५.८ ही पातळी बाळाकडे जाताना जवळपास १० होते. दहाच्या भाजकाने ठेवलेल्या मोकळ्या जागेतील बराच भाग यातच खर्च होतो.

एकच विष, अनेक मर्यादा

संयुक्त तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये फेरो आणि सेशेल्स या दोन्हींची सरासरी घेतली आणि दहाऐवजी ६.४ ने भागले. आठवड्याला दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम असा आकडा निघाला, म्हणजे १९७२ च्या मर्यादेच्या निम्म्याहून कमी. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१२ मध्ये तोच ६.४ चा भाजक ठेवला, पण सेशेल्सची नवी माहिती घेतली, उत्तर १.३. जपानने २००५ मध्ये गरोदर स्त्रियांसाठी २.० ठरवले. ईपीएचा आकडा आठवड्याच्या मापात ०.७ होतो. साठ किलोच्या एकाच स्त्रीला टोकियोत आठवड्याला १२० मायक्रोग्रॅम, युरोपात ७८ आणि अमेरिकेत ४२ मायक्रोग्रॅम सुरक्षित आहेत, असे सांगितले जाते. यांपैकी कोणीही चुकीचे गणित केलेले नाही.

बाजारात विक्रीची मर्यादा ही आणखी वेगळी गोष्ट आहे, आणि वाचकांचा घोळ बहुधा येथेच होतो. एफडीए माशात दर किलोला १ मिलिग्रॅमपर्यंत मिथाइल पारा असल्यास कारवाई करत नाही. पूर्वी ही सीमा ०.५ होती, स्वोर्डफिशच्या व्यापाऱ्यांशी झालेल्या कोर्टकज्ज्यानंतर १९७९ मध्ये ती दुप्पट झाली. नेमक्या या सीमेवरच्या माशाचा चार औंसांचा, म्हणजे ११३ ग्रॅमचा तुकडा खाल्ला तर पोटात ११३ मायक्रोग्रॅम पारा जातो. ४२ च्या मर्यादेशी तो ताडून पाहावा. दुकानात कायदेशीररीत्या विकला जाणारा मासा गरोदर स्त्रीसाठी सुरक्षित असेलच असे नाही; तशी हमी त्या सीमेने कधी दिलेलीच नाही.

ताटापर्यंत

एफडीएच्या मोजणीत किंग मॅकरेलमध्ये सरासरी ०.७३, शार्कमध्ये ०.९८, डब्यातील हलक्या ट्यूनात ०.१३, सामनमध्ये ०.०२ आणि सार्डिनमध्ये ०.०१३ मायक्रोग्रॅम पारा दर ग्रॅमला आढळतो. ४२ मायक्रोग्रॅमची मर्यादा गाठायला शार्कचे ४३ ग्रॅम पुरतात, किंग मॅकरेलचे ५८. सार्डिन मात्र तीन किलोहून अधिक खावे लागतील. कोकणी ताटातील तारली, बांगडा, मांदेली हे मासे लहान आणि अल्पायुषी असल्यामुळे या क्रमात खालच्या टोकाला बसतात. स्वस्त म्हणून ज्यांना पाहुण्यांसमोर मान मिळत नाही, तेच मासे या प्रश्नात सर्वांत निर्धोक ठरावेत, ही गंमतच आहे.

मर्यादा जाहीर करण्याचेही दुष्परिणाम असतात. एफडीएने २००१ च्या जानेवारीत शार्क, स्वोर्डफिश, किंग मॅकरेल आणि टाइलफिश या चारच माशांविषयी गरोदर स्त्रियांना इशारा दिला. त्यानंतर मॅसॅच्युसेट्समधील गरोदर स्त्रियांच्या पाहणीत दिसले की त्यांनी एकूणच मासे कमी केले. ज्यांच्याविषयी इशारा नव्हता तेही. नुकसान पाऱ्याइतकेच खरे असू शकते. ब्रिटनमधील ब्रिस्टल परिसरातील हजारो मातांच्या अभ्यासात आठवड्याला ३४० ग्रॅमपेक्षा कमी मासे खाणाऱ्या आयांची मुले शाब्दिक बुद्धिमत्तेत मागे आढळली. तो निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणूनच पुढे सल्ल्याचा रोख बदलला. आज अमेरिकेचा सल्ला मासे टाळा असा नाही. गरोदर स्त्रियांनी आठवड्याला ८ ते १२ औंस, म्हणजे साधारण २२५ ते ३४० ग्रॅम, कमी पाऱ्याचे मासे खावेत, असा आहे. फेरो बेटांनी वेगळी वाट घेतली. तेथील आरोग्य अधिकाऱ्यांनी २००८ मध्ये, पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले जाणारे पायलट देवमाशाचे मांस यापुढे कोणीच खाऊ नये, अशी शिफारस केली.

आता सुरमई. अरबी समुद्रातील सुरमई आणि अटलांटिकमधील किंग मॅकरेल या एकाच कुळातील, पण वेगवेगळ्या जाती आहेत. अमेरिकी तक्त्यातील ०.७३ हा आकडा तेथे पकडल्या जाणाऱ्या जातीचा आहे. आखाती देशांत कनद या नावाने मिळते ती मात्र आपलीच सुरमई. अमेरिकेतील गोठवलेल्या पाकिटावरच्या किंगफिश या शब्दावरून कोणती जात आहे हे सांगता येत नाही. मूळ देश आणि शास्त्रीय नाव छापले असेल तर त्यावरून कळते. ब्रिटनमधील राष्ट्रीय आरोग्य सेवा गरोदर स्त्रियांना शार्क, स्वोर्डफिश आणि मार्लिन टाळायला सांगते, किंगफिशचे नाव त्या यादीत नाही. तरीही सुरमई हा मासे खाऊन मोठा होणारा शिकारी मासा आहे आणि एकाच जातीतही वय व लांबी वाढते तसा पारा वाढतो. हातभर लांबीच्या सुरमईचे तुकडे आणि वीतभर लांबीच्या सुरमईचे तुकडे या दृष्टीने सारखे नव्हेत. मोरीविषयी मात्र अमेरिका आणि ब्रिटन यांच्या याद्यांत मतभेद नाही.

हे सल्ले दिवस गेल्यावर लागू होतात, असा एक समज आहे. साठा निम्मा व्हायला ५० दिवस लागत असल्याने, आज पारा खाणे पूर्ण थांबवले तरी १०० दिवसांनी त्याचा चौथा भाग शरीरात असतो आणि आठ महिन्यांनी सुमारे तीन टक्के. बाळाच्या मेंदूची घडण सुरू होते तेव्हा आईच्या रक्तात जे असते, ते तिने आधीच्या महिन्यांत खाल्लेले असते. म्हणून एफडीए आणि ईपीए यांच्या तक्त्यात गरोदर व स्तनदा स्त्रियांबरोबरच, पुढे गरोदर राहण्याची शक्यता असलेल्या स्त्रियाही धरलेल्या आहेत.